तुमचं म्हणणं, माझ्या तोंडून

भाऊ, तुम्ही मान हलवणार होतात की नव्हतात, एवढं सांगा आणि मग खुशाल जा.

कारण मी उभी होते. माईक माझ्या हातात होता. तुमचं भाषण संपलं होतं आणि नियमाप्रमाणे मी तुमचंच म्हणणं तुम्हाला मांडून दाखवलं होतं. तुम्ही चष्मा काढलात, मान जराशी तिरकी केलीत आणि "हं…" म्हणालात. त्या "हं"च्या पुढे काय होतं? तेवढ्यात हॉलचे मॅनेजर तिवारीजी हात जोडत दारातून आले, "सर जी, माफ़ कीजिएगा, गोदभराई वाले आ गए हैं, हॉल ख़ाली करना पड़ेगा." त्यांच्यामागून डोहाळजेवणाच्या झेंडूच्या माळा घेतलेली माणसं आत शिरलीसुद्धा. तुम्ही हसलात. "राहू द्या बाई, पुढच्या महिन्यात तुमच्या सवालापासूनच सुरू करू," म्हणालात. पुढचा महिना आला. तुम्ही आला नाहीत.

हे काय वागणं झालं?

मला घरात बसवत नाही. परवा जानकीपुरमहून रिक्षा करून निशातगंजला गेले शेंगदाणे आणायला, बाजारभर फिरले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. घरी येऊन बघते तर शेंगदाणे डब्यात होते. टीव्ही लावते, बंद करते. खोक्यांत भरलेली पुस्तकं बाहेर काढते, परत भरते. कालपर्यंत रडूही येत नव्हतं, आणि येत नव्हतं म्हणून आणखी चिडचिड व्हायची. तुमच्या घरी कुसुमवहिनींना फोन करायचा म्हणून हातात घेते आणि सांगलीला बहिणीला लावते. ती विचारते, "अगं, येतेयस कधी? घराचं काय झालं?" मी फोन ठेवते.

तुमच्याबद्दल पेपरात आलं ते वाचलं. इतिहासाचे प्राध्यापक, इतकी पुस्तकं, अमुक सन्मान, तमुक समिती. रविवारच्या बैठकीबद्दल शेवटी एक ओळ. नियमाबद्दल तर काहीच नाही! आता तुम्हीच सांगा, तो नियम सोडला तर तुमच्यात उरतं काय?

महानगर कॉलनीतल्या त्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी कुणीतरी जाणकार यायचा. कधी धर्मावर बोलायचा, कधी राजकारणावर, कधी माणसं गाव सोडून का जातात यावर. फुकट आणि सर्वांना खुलं. वर चहा आणि खुसखुशीत खारी मठरी. अशा व्याख्यानांना लखनौत काय तोटा आहे? पण तुमच्याकडे सवाल सहज विचारता येत नसे. ज्याला आक्षेप घ्यायचा त्याने आधी उठून वक्त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं. वक्त्याने "हो, हेच म्हणालो मी" अशी मान हलवली, तरच पुढे बोलायचं. नाही हलवली तर परत मांडा. "आपले जुने पंडित असंच करत होते ना बाई, आधी समोरच्याचा पक्ष, मग आपला," असं तुम्ही मला पहिल्याच दिवशी ऐकवलंत.

मला तो नियम पहिल्या दिवसापासून खटकला. मी सांगलीची, मनात येईल ते तोंडावर बोलणारी. त्यातून सगळा जन्म औषधांच्या प्रयोगशाळेत गेलेला. मी म्हटलं, "आमच्याकडे माना डोलावत बसत नाहीत, भाऊ. दुसऱ्यानं सांगितलेला प्रयोग करून बघायचा. आला तर खरा, नाही आला तर खोटा." तुम्ही टाळी दिल्यासारखा हात पुढे केलात. "मग मी दुसरं काय सांगून राहिलो? आधी त्याचा प्रयोग त्याच्याच रीतीनं करून तर पाहा!" मग मी चहात साखर जास्त आहे म्हणून वहिनींशी भांडले.

आणि पहिल्या झटक्यात मला कधी मान मिळाली? कधीच नाही. वक्ता कुणीही असो, मी मांडायचे, तो नकारार्थी मान हलवायचा, आणि बाजूच्या खुर्चीवरून तुमचा आवाज यायचा, मराठीत, सगळ्या हॉलसमोर, "जवळ आल्या बाई. पण नाही." लोक हसायचे. कुणाला मराठी कळायचं नाही, पण हे वाक्य अख्ख्या बैठकीला पाठ झालं होतं. शेवटी शेवटी रिज़वी साहबसुद्धा, एवढे अदबशीर वकील, पण पहिल्या रांगेतून म्हणायचे, "जवल आल्या बाई!"

ते पांढऱ्या शर्टातले गृहस्थ आठवतात? वक्त्या मिरवणुकांबद्दल बोलत होत्या. जुन्या काळी कुठल्या रस्त्याने कोण जायचं, कोण कुणासाठी थांबायचं, ते सगळं. हे साहेब मधेच उठून ओरडले, "सब एकतरफ़ा है!" मला वाटलं, आता हाणामारी होणार. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बिलकुल होगा, भाई साहब. पहले ये बताइए, इन्होंने कहा क्या." त्यांनी सांगितलं. वक्त्या बाईंनी नाही म्हटलं. त्यांनी परत सांगितलं. परत नाही. मग मागचे लोक त्यांना हळूच सुचवायला लागले, अहो असं नाही, असं म्हणाल्या त्या. घाम पुसत पुसत त्यांनी एकदाचं नीट मांडलं, बाईंनी मान हलवली, हॉलने टाळ्या वाजवल्या. आणि साहेब खाली बसत म्हणाले, "अब सवाल याद नहीं आ रहा. चाय पी के पूछूँगा." चहा पिऊन विचारला त्यांनी. आणि चांगला खणखणीत विचारला, वक्त्या बाईंना निरुत्तर केलं. त्या दिवशी तुम्ही घरी जाताना स्कूटरवर शीळ घालत होतात असं वहिनी सांगतात.

हे झालं तुमच्या बाजूचं. आता माझ्या बाजूचं ऐका, कारण ते तुम्ही कधी कुणाला सांगितलं नसणार.

तो एक पाहुणा आला होता, गोड आवाजाचा, राजकारणावर बोलायला. बोलता बोलता नाल्याकाठच्या झोपड्यांवर आला. बाहेरून आलेले लोक, शहराला लागलेली कीड, यांना परत पाठवा. त्याच झोपड्यांतून माझ्याकडे कामाला सकीना येते. माझ्या आजारपणात तिने मला पेज भरवलीय. मी ताडकन उठले. आणि तुम्ही, भाऊ, तुम्ही मला म्हणालात, "आधी त्यांचं म्हणणं मांडा." मी म्हटलं, "हे माझ्या तोंडून निघणार नाही." तुम्ही म्हणालात, "मग बसा."

बसा! मला! भरसभेत!

मी पर्स उचलली आणि चालती झाले. पुढचे कित्येक रविवार तिकडे फिरकले नाही. आणि मग एका दुपारी तुम्ही दारात उभे, एका हातात अकोल्याहून आलेलं ज्वारीचं पीठ, दुसऱ्या हातात वहिनींच्या ठेच्याची बरणी. मला विकत घ्यायला आलात का, मी विचारलं. "विकत कोण घेते बाप्पा तुम्हाले," तुम्ही म्हणालात, "इतका ठेचा अकोल्यात पण नसेल." मी भाकरी थापल्या. तुम्ही जेवलात आणि जेवता जेवता परत तेच सुरू केलंत. "बाई, तोंडात घेतल्याशिवाय ते कडू आहे हे लोकांना सांगणार कशावरून?" मी तवा बाजूला ठेवला. "विष कोणी चाखून बघत नसतं, भाऊ. मी औषधांतली बाई आहे. मला नका शिकवू."

तुमचा घास हातात तसाच राहिला. मग म्हणालात, "याच्यावर विचार करावा लागन."

केलात का? मी त्यानंतर बैठकीला यायला लागले, तुम्ही नियम काही बदलला नाहीत, आणि हा विषय आपण दोघांनी परत काढला नाही. मला वाटायचं, हरलाय, कबूल करत नाही. आमच्याकडे म्हणतात तसं, पडलो तरी नाक वर.

आता शेवटच्या रविवारचं. त्याआधीच्या आठवड्यात मी तुम्हाला सांगितलं होतं की घर विकतेय, सांगलीला जातेय. मुलगा बेंगळुरूला, तो मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देतो, तो काही इकडे परत येत नाही. हे गेल्यापासून घर खायला उठतं. बहीण बोलावतेय. तुम्ही ऐकून घेतलंत, "अच्छा," म्हणालात, आणि मठरी खायला लागलात. इतक्या वर्षांच्या ओळखीत माझ्या वाट्याला एक अच्छा!

आणि रविवारी काय? बोलणार खुद्द तुम्ही आणि विषय, "आया हुआ आदमी." या शहरात कोण कोण कुठून आलं. इराणकडून आलेले नवाबांचे पूर्वज, काश्मीरकडची पंडित घराणी, बंगाली बाबू, फाळणीत सगळं सोडून आलेले पंजाबी, "और हम दो-चार मराठी, तबादले का काग़ज़ लेकर." लोक हसले. मीही हसले. मग तुम्ही एका घराची गोष्ट सांगितलीत. तीन पिढ्या या शहरात राहिले, पण पेट्या बांधलेल्याच. अंगण होतं, त्यात झाड लावलं नाही. झाड लावलं तर जाताना जीव अडकेल.

माझ्या घरात तेव्हा हॉलभर खोकी होती, भाऊ. पुस्तकांची, भांड्यांची. तुम्ही ती पाहून गेला होतात. माझी कानशिलं तापली. पुढचं तुम्ही काय बोललात ते मी ऐकलं, पण नुसतं कानांनी. मनात एकच, हा माणूस मला भरसभेत सुनावतोय. मग मी उठले आणि तुमचं म्हणणं मांडलं, "आपका कहना ये है कि जो आया, उसे लौटने का नाम नहीं लेना चाहिए. पेटियाँ बाँधकर रहना इस शहर से बेईमानी है." आणि तुम्ही चष्मा काढलात. आणि "हं…"

तेव्हापासून मी त्या "हं"मध्ये कालपर्यंत अडकले होते. मान हलवली असतीत तर मी तुम्हाला सोडलं नसतं. सगळं तयार होतं माझं. विचारणार होते, तुम्ही कोण लागून गेलात मला बेइमान म्हणणारे? आणि तुम्ही जर खरंच तसं म्हणाला असाल, तर इतक्या वर्षांची ओळख काय चुलीत घालू? आणि तसं म्हणाला नसाल, तर मग काय म्हणालात? एका माणसाला शेवटचं नीट ऐकलं की नाही, हेच मला कळत नव्हतं. झोप कशी लागणार होती?

काल तुमची शोकसभा झाली. तोच हॉल, तोच रविवार. रिज़वी साहब अध्यक्ष. ते उठून म्हणाले, "आज सवाल-जवाब नहीं होंगे. आज हम गावंडे साहब को सिर्फ़ याद करेंगे." मग एकेक जण. कुणी तुम्हाला चालतं-बोलतं ग्रंथालय केलं, कुणी गंगा-जमनी तहज़ीबचा पहारेकरी, कुणी संत. संत! ठेच्याच्या बरणीवरून वहिनींशी अबोला धरणारा माणूस. मी खुर्चीत नुसती वळवळत होते. यांतल्या एकाला तरी तुम्ही मान हलवली असती का? "जवळ आले भाऊ, पण नाही," असंच म्हणाला असता. पण तुम्ही फोटोत होता, हार घालून, आणि फोटो सगळ्यालाच हो म्हणतो.

मला राहवलं नाही. उठले. "रिज़वी साहब, पिछली बार का मेरा सवाल बाक़ी है."

हॉलमध्ये कुजबुज. मागून कुणीतरी "अरे मैडम, आज तो…" म्हणालं. रिज़वी साहब हात जोडून म्हणाले, "मोहिते मैडम, सर-आँखों पर. मगर जवाब कौन देगा?"

"जवाब नहीं चाहिए," मी म्हटलं. "मैंने उनकी बात सही कही थी या नहीं, बस इतना."

पहिल्या रांगेत कुसुमवहिनी बसल्या होत्या, नेहमीच्याच खुर्चीत. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाई, कुणी मधे बोललेलं खपत नाही. त्यांनी मागे वळून न बघता हात वर केला. "बोलने दीजिए इनको."

मी परत मांडलं. शब्दन् शब्द तोच. लौटने का नाम नहीं, पेटियाँ, बेईमानी. आणि वहिनींनी मान हलवली. आडवी.

"नाही हो बाई," त्या मराठीत म्हणाल्या. "असं नव्हते म्हणून राहिले ते. घरी मला दोनदा वाचून दाखवलं त्यांनी. पेट्या बांधलेल्या होत्या, बरोबर. पण त्या कोणी बांधाले लावल्या, ते तुम्ही गाळलं."

आणि मला आठवलं. भाऊ, तुम्ही सांगितलं होतं. अख्खी गल्ली रोज त्या घराला विचारायची, कब जा रहे हो? दूधवाला विचारायचा, शेजारी विचारायचा, शाळेत मुलांना विचारायचे. तीन पिढ्या. मग कोण लावणार झाड? मी ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण मी माझ्या खोक्यांपाशीच थांबले होते.

मी डोळे मिटले आणि पुन्हा सुरुवात केली, हिंदीत, सगळ्यांसाठी. आलेल्या माणसाने राहावं की जावं, हे फक्त त्याने ठरवायचं. त्याला जायचं असेल तर कुणी अडवू नये. राहायचं असेल तर "कब जाओगे" हा सवाल त्याला विचारायचा हक्क कुणालाच नाही, दूधवाल्याला नाही, सरकारला नाही, या हॉलमधल्या कुणालाही नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात येत गेलं की मी हे कुणाला उत्तर देतेय. तो गोड आवाजाचा पाहुणा. नाल्याकाठच्या झोपड्या. सकीना. विचार करावा लागेल म्हणाला होतात ना, तो तुम्ही केला होता. त्याचं म्हणणं माझ्या तोंडून येत नव्हतं, म्हणून तुम्ही स्वतः त्याचं म्हणणं त्या गल्लीच्या तोंडून मांडून, पुरतं मांडून, त्याला उत्तर दिलं होतं. आणि मी समजले, मला टोमणा मारताय! काय बाई आहे मी.

वहिनींनी मान जरा तिरकी केली, तुमच्यासारखी. मग हलवली. होकारार्थी.

"अब पूछिए, मैडम," रिज़वी साहब अगदी हळू म्हणाले.

मी माईक हातात धरून उभी. इतके दिवस दाढेखाली धरून ठेवलेला सवाल, आणि आता सापडेना. शेवटी मी म्हटलं, "याद नहीं आ रहा. चाय पी के पूछूँगी." कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, शोकसभेत, तुमच्या फोटोसमोर. पांढऱ्या शर्टातले साहेब सगळ्यांत मोठ्याने हसले आणि मग रुमालात तोंड खुपसून बसले.

चहापाशी वहिनी आल्या. मी म्हटलं, "वहिनी, मी जातेय हे त्यांना आवडलं नव्हतं का? नुसतं अच्छा म्हणाले मला."

वहिनींनी माझ्या बशीत मठरी ठेवली. "त्या दिवशी घरी आले आणि जेवलेच नाही नीट," त्या म्हणाल्या. "म्हने, बाई गेल्या तर माझं म्हणणं चुकीचं सांगाले कोण राहील? बाकी सारे तर नुसत्या माना डोलावते."

तेव्हा रडले मी, भाऊ. हातात मठरी धरून, तिवारीजींच्या देखत, हॉलच्या दारात. वहिनी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, खरं तर मी त्यांची समजूत काढायची, आणि त्या माझी काढत होत्या. तिवारीजींनी या वेळी हॉल खाली करायला सांगितलं नाही. बाहेर कुणाची तरी वरात ताटकळत होती.

तुम्ही मला आधी सांगायला काय झालं होतं? एवढं एक वाक्य मला तोंडावर म्हणाला असता तर? पण नाही. मला जा म्हणायचं नाही, राहा म्हणायचंही नाही, तुमचाच नियम, तुम्ही पाळलात आणि अच्छा म्हणून मठरी खाल्लीत. तुमच्या या नियम पाळण्याचा मला अजूनही राग आहे. तो जाणार नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. त्या हॉलने मला बोलणं नाही शिकवलं, ते मला आधीच येत होतं. ऐकून घेणं शिकवलं, थोडंफार, ओढूनताणून. ते तुमच्यामुळे, हे कधी म्हटलं नाही, आज म्हणते.

आज सकाळी दलालाचा फोन आला होता. "मैडम, पार्टी तैयार है, हाँ कर दूँ?" मी त्याला काय सांगितलं ते तुम्हाला ऐकायचंय ना? माहीत आहे मला, कान टवकारून बसला असाल.

नाही सांगणार. आधी माझं म्हणणं तुमच्या शब्दांत मांडून दाखवा. बरोबर मांडलंत तर मान हलवीन, मग पुढचं बोलू. चुकलात तर परत मांडा. मला काही घाई नाही.

मांडा ना, भाऊ. मी ऐकतेय.